धाप लागते म्हणून बसून राहायचं?

"उठू नका, पाणी जागेवर आणून देते." सीओपीडीच्या रुग्णाला घरोघरी हे मायेनं सांगितलं जातं, आणि त्यातूनच नुकसान होतं.

या आजारात श्वासनलिका अरुंद होतात, आत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही, त्यामुळे चाललं की दम लागतो. दमाच्या धास्तीनं चालणं कमी होतं आणि मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू झिजतात. दुबळे स्नायू थोड्याशा कामातही लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि ते निस्तरायला श्वास आणखी वाढतो. फुप्फुसं होती तशीच असली, तरी धाप मात्र वाढत जाते.

व्यायामानं फुप्फुसं सुधारत नाहीत, मग फायदा काय? यातला पहिला भाग खरा आहे. फुंकर मारून केलेल्या तपासणीचे आकडे व्यायामानं फारसे हलत नाहीत. सुधारतात ते पाय. सहा मिनिटांत माणूस किती चालतो हे मोजतात. त्यात साधारण 30 मीटरची भर पडली तरी रोजच्या हालचालीत फरक जाणवतो.

"आधी बीपी, शुगर, हृदय ताब्यात येऊ दे, मग चालू," हा सगळ्यांत महागात पडणारा समज. सुमारे 6,100 रुग्णांच्या 'टॉर्च' अभ्यासात (2007) जे दगावले, त्यांपैकी 35 टक्के श्वसनविकारानं गेले आणि 27 टक्के हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजारानं. वारंवार घ्याव्या लागणाऱ्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. या सगळ्यांवर चालणं हाही उपचारच आहे. पथ्यं मात्र वेगवेगळी: इन्सुलिन घेणाऱ्यानं खिशात साखर ठेवावी, ठिसूळ हाडांच्या माणसानं कमरेत वाकून वजन उचलू नये. नुकताच हार्ट अटॅक आला असेल किंवा बसल्या जागी छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टर. आणि फुप्फुसाचा आजार आहे म्हणून हृदयाची बीटा-ब्लॉकर गोळी परस्पर बंद करू नये. मुख्यतः हृदयावर काम करणाऱ्या या गटातल्या गोळ्या सीओपीडीतही चालतात.

विडी-सिगारेट न ओढणाऱ्याला हा आजार होत नाही, हेही चूक. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी 2009 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं की 25 ते 45 टक्के रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेलं नसतं. आपल्याकडे चुलीपुढे आयुष्य गेलेल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको.

सुरुवात सपाट जागी करावी. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर आधी पंप घ्यावा. श्वास नाकानं घ्यावा आणि शीळ घातल्यासारखे ओठ करून सावकाश सोडावा. थोडी धाप लागणारच. बोलता येतंय तोवर भिऊ नये. खुर्चीतून उठबस हाही उत्तम व्यायाम. आजार बळावून दवाखान्यात राहून आलेल्याला घरचे हमखास अंथरुणाला खिळवतात. खरं तर घरी आल्यावर चार आठवड्यांच्या आत देखरेखीखाली व्यायाम सुरू करावा, अशीच आज शिफारस आहे.