कंबर दुखतेय, कामावर कधी जायचं?

तुळजापूर तालुक्यातलं जळकोट हे शेतीचं गाव. अशा गावात कंबर धरली की पहिली काळजी मजुरीची: सोयाबीन काढायला जायचं की नाही? ‘पूर्ण आराम करा’ हा सल्ला देणं सोपं, पण साध्या कंबरदुखीत तो बहुधा चुकीचाच. पडून राहिल्याने ताकद घटते, वाकण्याची भीती बसते आणि काम लांबतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुनाट कंबरदुखीसाठी व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणं यांची शिफारस केली; कमरेचे पट्टे नेहमीच्या उपचारात नकोत, असंही सांगितलं.

हे समजावणं शिकावं लागतं. गावाजवळच्या फिजिओथेरपिस्टला दवाखाना बंद न ठेवता ते ऑनलाइन शिकता येईल: खुरपणी किती वेळ, ओझं किती, हे विचारायचं, दुखणं पूर्ण थांबायची वाट न पाहता आधी हलकं काम, मग हळूहळू नेहमीचं, असं ठरवून द्यायचं. ब्रिटनमध्ये जुलै २०२२ पासून फिजिओथेरपिस्ट कामाविषयीचा वैद्यकीय दाखलाही देऊ शकतात. आपल्याकडे निदान कामावर कसं परतायचं हा सल्ला तरी रुग्णाला मिळायलाच हवा.

मात्र पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर व्यायाम करत बसू नका. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.