‘थट्टाच तर केली!’

कराचीत जन्मलेला, दहाव्या वर्षी इंग्लंडला आलेला ऑफस्पिनर अझीम रफीक यॉर्कशायर काउंटी क्रिकेट क्लबकडून खेळला. 2012 मध्ये त्याने संघाचं नेतृत्वही केलं. 2020 मध्ये त्याने क्लबमधल्या वर्णद्वेषाला जाहीर वाचा फोडली. तेव्हा जे युक्तिवाद झाले, ते कुठल्याही क्लबात आजही ऐकू येतात.

गैरसमज : ड्रेसिंग रूममध्ये चिडवाचिडवी चालायचीच.

वस्तुस्थिती : पाकिस्तानी वंशावरून दिलेली शिवी रफीकला ऐकावी लागली आणि क्लबच्या चौकशी अहवालाने ती मित्रांमधली थट्टा ठरवली. 43 पैकी फक्त 7 आरोप ग्राह्य धरले गेले. ऑक्टोबर 2021 मध्ये क्लबने सांगून टाकलं, कुणावरही कारवाई नाही. चेतेश्वर हे नाव उच्चारण्याचे कष्ट नकोत म्हणून आपल्या पुजाराला तिथे ‘स्टीव्ह’ म्हटलं जायचं. थट्टा बरोबरीच्यांत होते. संघातली जागा आणि पुढचा करार ज्यांच्या हाती, त्यांच्यासमोर विशीतला मुलगा कसनुसं हसून वेळ मारून नेतो. ते हसू त्याची संमती कसं ठरेल?

गैरसमज : बाहेरचे खेळाडू घेतले, म्हणजे क्लबात भेदभाव नाही.

वस्तुस्थिती : यॉर्कशायरचा पहिला परदेशी खेळाडू आपला सचिन तेंडुलकर, 1992 मध्ये. त्याचं तिथे कौतुकच झालं. पण ब्रॅडफर्ड, लीड्समध्ये आशियाई वस्ती एवढी मोठी असूनही त्याच मातीत जन्मलेला आशियाई खेळाडू पहिल्या संघात दिसायला 2004 साल उजाडलं. पाहुण्या ताऱ्याला मान देणं सोपं असतं. घरच्या मुलाला संधी देताना खरी कसोटी लागते.

गैरसमज : तक्रार करणारा स्वतः धुतल्या तांदळासारखा हवा.

वस्तुस्थिती : रफीकने 2011 मध्ये पाठवलेले ज्यूविरोधी संदेश पुढे उघड झाले. त्याने माफी मागितली. त्याचा दोष त्याच्या पदरी, पण त्यामुळे क्लबचा दोष पुसला जात नाही.

गैरसमज : गाजावाजा करून काही होत नाही.

वस्तुस्थिती : नोव्हेंबर 2021 मध्ये क्लबच्या हेडिंग्ले मैदानाचं आंतरराष्ट्रीय सामन्यांचं यजमानपद स्थगित झालं, प्रायोजक निघून गेले, अध्यक्षांनी राजीनामा दिला. 2023 मध्ये क्लबला चार लाख पौंडांचा दंड झाला, त्यातले तीन लाख स्थगित. शिवाय काउंटी चॅम्पियनशिपमधले 48 गुण कापले गेले.

गैरसमज : वर्णद्वेष हा गोऱ्यांचा रोग.

वस्तुस्थिती : 2007 मध्ये मुंबईत वानखेडेवर ऑस्ट्रेलियाच्या कृष्णवर्णीय अँड्र्यू सायमंड्सला माकडाचे हावभाव करून डिवचणारे प्रेक्षक आपलेच होते.

तुमचं मूल ज्या क्लबात खेळतं, तिथे जाऊन विचारा : तक्रार कुणाकडे द्यायची, तिची लेखी पोच मिळते का आणि चौकशी करणारा माणूस क्लबच्या कमिटीबाहेरचा असतो का? उत्तर मिळालं नाही, तर पुढच्या वार्षिक सभेत हाच प्रश्न उभं राहून विचारा.