लेट्यूसचं बी उगवत नाही? दुकानदाराशी भांडण्याआधी हे वाचा

बटरहेड म्हणजे मऊ पानांचं, सैल गड्ड्याचं लेट्यूस. बर्गरमध्ये कुरकुरीत लागतं ते आइसबर्ग, ते वेगळं. पुडी आणायची, मेथीसारखं बी मातीत दाबायचं आणि आठ दिवसांत काही उगवलं नाही की बियाणं बोगस म्हणायचं, असं बऱ्याचदा होतं. बी जुनं नसेल तर दोष बहुधा पेरणीचा असतो.

या बियाला गारवा आणि उजेड लागतो. माती तीसच्या पुढं तापली की बी झोपूनच राहतं. १५ ते २० अंशांत मात्र आठवड्याच्या आत कोंब दिसतो. म्हणून आपल्याकडं पेरणी नोव्हेंबर-डिसेंबरातच बरी. बी ओल्या मातीवर नुसतं भुरभुरा, वरून चाळलेलं गांडूळखत अगदी चिमूटभर. झारीनं बी वाहून जातं, फवाऱ्यानं पाणी द्या.

रोप चार-पाच पानांवर आलं की संध्याकाळी वीतभर अंतरानं लावा. मधला कोंब मातीत गाडला तर कुजतो. मुळं वरवरच असतात, त्यामुळं पाणी थोडं पण वरचेवर. पेरणीपासून दोन महिन्यांत गड्डा तयार. घरापुरती बाहेरची पानं त्याआधीही खुडता येतात.

फेब्रुवारीत ऊन वाढलं की कांद्याच्या डेंगळ्यासारखा मधून दांडा निघतो, पान कडू होतं. ते शेळीला घाला. पण दोन झाडं राखा. पिवळी फुलं येऊन पांढरा कापूस दिसला की बी काढा. वाण संकरित नसेल, तर पुढच्या वर्षी पुडी घ्यायला नको.