अक्षरओळखीपासून वाचनापर्यंत

२०११च्या जनगणनेनुसार मुंबई उपनगर जिल्ह्याचा साक्षरता दर ८९.९ टक्के होता. वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत पसरलेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा ९३ लाखांहून अधिक होती. सात वर्षांवरील दहा जणांपैकी एकाला वाचता-लिहिता येत नव्हते, म्हणजे आठ लाखांहून जास्त माणसे अक्षरांपासून दूर होती. शिवाय जनगणनेतली साक्षरता घरातल्या माणसाच्या सांगण्यावरून नोंदवली जाते. तिथे कोणी वाचून दाखवत नाही. त्यामुळे सही करता येणारा आणि वर्तमानपत्र सलग वाचणारा असे दोघेही एकाच रकान्यात जातात.

या दोघांमधले अंतर कमी करण्याचे एक मोठे काम मुंबईच्याच वस्त्यांमध्ये सुरू झाले. १९९४ साली युनिसेफ आणि मुंबई महानगरपालिकेच्या सहभागातून ‘प्रथम’ ही संस्था उभी राहिली. तिचे संस्थापक होते माधव चव्हाण आणि फरिदा लांबे. रसायनशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या चव्हाणांनी त्याआधी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत प्रौढ साक्षरतेचे काम केले होते. लांबे समाजकार्याच्या क्षेत्रातून आलेल्या. संस्थेने पहिल्यांदा बालवाड्या काढल्या, त्याही इमारती न बांधता. वस्तीतलीच एखादी मुलगी किंवा गृहिणी शिक्षिका व्हायची आणि मंदिराचे आवार, समाजमंदिर किंवा तिचे स्वतःचे घर हाच वर्ग असायचा. जागेची टंचाई असलेल्या शहरात याहून शहाणा मार्ग दुसरा नव्हता.

पण बालवाडीतून पालिकेच्या शाळेत गेलेली, तिसरी-चौथीला पोहोचलेली कितीतरी मुले वाचू शकत नाहीत, हे लवकरच ध्यानात आले. वर्ग पुढे सरकत होता, पुस्तक बदलत होते आणि मूल बाराखडीवरच अडकलेले होते. यावर १९९८च्या सुमारास ‘बालसखी’ हा उपाय पुढे आला. वस्तीतली दहावीपर्यंत शिकलेली तरुणी शाळेच्या वेळेतच मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना बाजूला घेऊन रोज सुमारे दोन तास फक्त वाचन आणि मूलभूत गणित शिकवी. ती मुलांची भाषा बोलणारी आणि त्यांच्याच गल्लीतली असल्यामुळे, न समजलेले तिला विचारायला मुले बिचकत नसत.

पुढे २०१९चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि बडोद्यात या उपक्रमाचा रीतसर अभ्यास केला आणि २००७ साली तो प्रसिद्ध झाला. बालसखी मिळालेल्या शाळांमधल्या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली आणि सर्वांत मागे असलेल्यांना सर्वाधिक लाभ झाला. ती पंधरा-वीस मुले बाहेर गेल्याने मूळ वर्ग लहान झाला, पण तिथे उरलेल्यांच्या शिक्षणात मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे वर्गातली संख्या घटवणे पुरेसे नव्हते. मूल जिथे आहे तिथून शिकवायला सुरुवात होणे महत्त्वाचे होते. या अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली, तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. उपक्रम संपल्यावर वर्षभरात मिळालेल्या फायद्याचा बराच भाग ओसरला. वाचन शिकवून थांबले, तर ते टिकत नाही.

मुळात वाचायला येते कसे? मराठी शाळांमध्ये पूर्वापार ‘ग म भ न’पासून सुरुवात करण्याची पद्धत आहे आणि तिच्यामागे विचार आहे. या चारही अक्षरांना उजवीकडे उभा दंड असल्याने वळण सोपे जाते आणि मन, नग, नभ असे अर्थाचे शब्द पहिल्याच आठवड्यात हाती लागतात. त्यानंतर काना, मात्रा, वेलांटी, उकार येतात आणि सर्वांत शेवटी जोडाक्षरे. खरी अडचण असते ती वेगाची. एकेक अक्षर लावत वाचणारे मूल वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवातीचा शब्द विसरते आणि अर्थ हातून निसटतो. म्हणून वयापेक्षा पातळीप्रमाणे गट करून रोज मोठ्याने गोष्ट वाचणे, तिच्याविषयी बोलणे, त्यातले शब्द शोधणे आणि मग लिहिणे असा क्रम ‘प्रथम’ने बसवला.

पातळी ओळखायची चाचणीही अगदी साधी आहे. मुलासमोर एक कागद ठेवतात. त्यावर अक्षरे, सोपे शब्द, पहिलीच्या तोडीचा परिच्छेद आणि दुसरीच्या तोडीची गोष्ट असते. २००५पासून ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत हाच कागद वापरला जातो. २०२४च्या पाहणीत देशातल्या पाचवीच्या निम्म्याहून किंचित कमी, म्हणजे ४८.८ टक्के मुलांना दुसरीची गोष्ट वाचता आली. ही पाहणी ग्रामीण भागापुरती असते, त्यामुळे मुंबईचे चित्र तिच्यात दिसत नाही. उपनगरांची गुंतागुंत वेगळीच आहे. महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांत चालतात. दुसरीकडे, घरी मराठी बोलणारी पण इंग्रजी शाळेत जाणारी पुष्कळ मुले मराठी पान वाचताना अडखळतात.

प्रौढांची अडचण निराळी असते. दिवसभर घरकाम किंवा फेरीचा धंदा करणाऱ्या माणसाला वेळ सापडत नाही, आणि चाळिशीनंतर पाटी हाती घेण्याचा संकोच तर त्याहून भारी असतो. मुंबईला रात्रशाळांची जुनी परंपरा आहे, पण त्या शाळा मुख्यतः शिक्षण सुटलेल्या तरुणांसाठी आहेत. १५ वर्षांवरील निरक्षरांसाठी आता केंद्राचा २०२२ ते २०२७ या काळाचा ‘नवभारत साक्षरता’ म्हणजेच ‘उल्लास’ कार्यक्रम आहे. तो स्वयंसेवकांच्या बळावर चालतो. संकोच कसा मोडतो, हे शेजारच्या ठाणे जिल्ह्यात पाहायला मिळते. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठी-सत्तरी ओलांडलेल्या बायका गुलाबी नऊवारीचा गणवेश नेसून, पाटी-दप्तर घेऊन तिथे येतात. सगळ्याच जणी नवशिक्या असल्याने लाजण्याचे कारण उरत नाही.

शिकलेले टिकवायला मात्र पुस्तक जवळ असावे लागते. विलेपार्ल्यात १९२३ साली स्थापन झालेल्या लोकमान्य सेवा संघाने ग्रंथालय चालवले, १८९८च्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या शाखा पुढे उपनगरांतही निघाल्या आणि ‘ग्रंथाली’ने १९७५च्या सुमारास वाचक चळवळ उभारून सभासदांपर्यंत कमी किमतीत पुस्तके पोहोचवली. २००९मध्ये नाशिकहून विनायक रानडे यांनी ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केले. त्यात शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे येते आणि वाचून झाली की दुसऱ्या पेटीशी बदलली जाते. ही योजना मुंबई-ठाण्यातच नव्हे, तर दुबईपर्यंत गेली. ती वाढली, कारण ग्रंथालयाच्या वेळा आणि अंतर हे दोन्ही अडथळे तिने दूर केले.

घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीतल्या प्रत्येक गृहसंकुलाला आणि चाळीला पुस्तके अशी जवळ आणता येण्यासारखी आहेत. एक कपाट, त्यात लहान मुलांची आणि मोठ्या अक्षरांची पुस्तके, आणि संध्याकाळी अर्धा तास मोठ्याने वाचून दाखवणारा कोणीतरी एवढे पुरे. आपल्या घरी काम करणाऱ्या मावशींना आणि त्यांच्या मुलांनाही त्या कपाटाचे दार उघडे ठेवा.