कुष्ठरोगाचे औषध आणि उंदराचे पाऊल

नांदेड किंवा लातूर जिल्ह्यात कुष्ठरोगाचे निदान झालेल्या रुग्णास सरकारी आरोग्य केंद्रातून गोळ्यांची पाकिटे विनामूल्य मिळतात. सहा ते बारा महिन्यांचा बहुविध औषधोपचार पूर्ण केल्यावर हा रोग बरा होतो. तरीही अंगावरील चट्टा लपविणारे रुग्ण आणि त्यांच्यापासून दूर राहणारे आप्तेष्ट आजही आढळतात. औषध घेणाऱ्यापासून रोग पसरत नाही, हे कशावरून मानायचे, असा प्रश्न अनेकांच्या मनात असतो. त्याचे उत्तर शोधण्यास एका लहानशा प्राण्याची मदत झाली आहे. ती कशी, हे आपण येथे पाहू या.

नॉर्वेचे डॉ. हॅन्सन यांनी १८७३ साली कुष्ठरोगाचा जंतू शोधून काढला. परंतु हा जंतू प्रयोगशाळेतील कोणत्याही कृत्रिम खाद्यावर वाढत नाही. जो वाढवता येत नाही, तो कोणत्या औषधाने मरतो हे तपासणार कसे? याच अडचणीपायी, आनंदवनाचे संस्थापक बाबा आमटे यांनी कलकत्त्यात कुष्ठरोगाचे शिक्षण घेत असताना प्रयोगासाठी स्वतःचे शरीर पुढे केले होते. त्यांना जंतू टोचण्यात आले, परंतु रोग झाला नाही.

पुढे १९६० साली अमेरिकेतील डॉ. चार्ल्स शेपर्ड यांनी ही कोंडी फोडली. त्यांनी रुग्णांकडून मिळालेले जंतू उंदराच्या मागील पावलाच्या गादीत टोचले. उर्वरित शरीरापेक्षा पाऊल थंड असते आणि या जंतूस थंडावा मानवतो. माणसातही तो प्रामुख्याने त्वचा, नाक व हातापायांच्या नसांत वाढतो, त्याचे एक कारण हेच. एका जंतूचे दोन होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. त्यामुळे टोचलेल्या काही हजार जंतूंचे दहा लाख होईपर्यंत सहा-आठ महिने वाट पाहावी लागते. काम संथ खरे, पण कसोटी स्पष्ट होती: जंतू पावलात वाढले तर ते जिवंत, न वाढले तर निष्प्रभ.

या कसोटीतून दोन महत्त्वाच्या गोष्टी कळल्या. पहिली, काही रुग्णांतील जंतूंना डॅप्सोन हे औषध लागू पडेनासे झाले होते. १९६४ साली मलेशियातील रुग्णांच्या बाबतीत हे सिद्ध झाले. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली एकाहून अधिक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. दुसरी, रिफाम्पिसिन सुरू केल्यानंतर काही दिवसांतच रुग्णाच्या त्वचेतील जंतू उंदराच्या पावलात वाढेनासे होतात. उपचार घेणाऱ्या रुग्णास वेगळे ठेवण्याचे कारण उरत नाही, या म्हणण्यास असा भक्कम आधार मिळाला. डॉ. नोशीर अंटिया यांनी मुंबईत स्थापन केलेल्या 'फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च' या संस्थेतही औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंचा शोध याच पद्धतीने घेण्यात आला.

तथापि उंदीर म्हणजे माणूस नव्हे. साध्या उंदराच्या पावलात जंतू वाढतो, पण नसा निकामी होऊन माणसाच्या हातापायांना येते तशी विकृती त्याच्यात दिसत नाही. म्हणून औषध जंतूस मारते की नाही, हे उंदीर सांगू शकतो. नसांच्या हानीविषयी मात्र तो फारसे सांगू शकत नाही. ती हानी टाळण्याचा उपाय म्हणजे वेळीच निदान.

मुक्या प्राण्यांवर प्रयोग करावेत काय, हा प्रश्नही रास्त आहे. मानवी जीव वाचविण्यासाठी, वाजवी मर्यादेत असे प्रयोग करता येतात, परंतु प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेस शोभणारे नाही, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. आपल्या देशातील १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही अशा प्रयोगांवर बंधने घातली आहेत.

प्रभू येशूने कुष्ठरोग्यास हात लावून बरे केले. आज त्या स्पर्शाची भीती बाळगण्यास विज्ञानानेही जागा ठेवलेली नाही. आपल्या घरात वा शेजारी कोणाच्या अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा दिसल्यास त्या व्यक्तीस धीर द्यावा आणि सोबत घेऊन आरोग्य केंद्रात जावे, अशी आमची सर्व वाचकांना विनंती आहे.