पाऊस हटला की मेण वाढवणारं झुडूप

मेक्सिकोच्या उत्तरेकडे चिवावा वाळवंटात कँडेलिला नावाचं झुडूप उगवतं. स्पॅनिश भाषेत या नावाचा अर्थ 'छोटी मेणबत्ती'. पानं जवळजवळ नाहीतच, नुसत्या सरळ, बारीक काड्या.

पावसाच्या दिवसांत या काड्यांवर मेण कमी असतं. जमीन सुकली, ऊन तापलं की झुडूप मेणाचा थर वाढवतं, म्हणजे काडीतलं पाणी उडून जात नाही. तिथले मजूर ही झुडपं गोळा करतात, पाण्यात आम्ल टाकून उकळतात आणि वर येणारं मेण काढून घेतात. लिपस्टिक, च्युइंगगम, चॉकलेटची चकाकी यांत ते वापरतात. खाऊच्या पाकिटावर ई-902 लिहिलेलं दिसलं, तर समजा हेच वनस्पतीचं मेण.

पण मेण बनवायला झुडपाला आपलंच अन्न खर्चावं लागतं. दुष्काळ फार लांबला, तर वाढच खुंटते. त्यात मुळासकट उपटलं, तर पुन्हा फुटायला काही उरतच नाही. म्हणून मुळं जमिनीत राहू देणं गरजेचं आहे. मजुरांची पुढच्या वर्षांची रोजीही त्यावरच आहे.