पगाराची खुर्ची आणि पडद्यावरचं नाव

चित्रपट लिहिणं किंवा चित्रपट काढणं, यावर घर चालतं का? रायपूर-बिलासपूरकडून मुंबईला गेलेल्या काही माणसांच्या आयुष्यात या प्रश्नाची निरनिराळी उत्तरं सापडतात.

रायपूरहून धमतरीच्या रस्त्याला लागलं की पंचवीस-तीस किलोमीटरवर अभनपूर येतं. एके काळी हे नॅरोगेज रेल्वेचं जंक्शन होतं. एक फाटा धमतरीला जायचा, दुसरा राजीमला. ती चिमुकली गाडी बंद झाली आणि मार्च २०२५ मध्ये मोठ्या रुळांवरून अभनपूर-रायपूर मेमू सुरू झाली. वाटेत नवा रायपूर लागतं. या नव्या राजधानीच्या परिसरात चित्रनगरी उभारायला केंद्र सरकारने २०२४ साली मंजुरी दिली आहे. म्हणजे ज्या गावातून सिनेमा पाहायलासुद्धा रायपूर गाठावं लागायचं, त्याच्या शेजारी आता सिनेमा तयार होण्याची चिन्हं आहेत.

साहजिकच घराघरांत नवा विषय निघतो. मुलगा म्हणतो, मला पटकथा लिहायची आहे. मुलगी म्हणते, मला निर्मिती शिकायची आहे. आणि वडील चष्मा पुसत विचारतात, "म्हणजे नेमकं काय करायचं? आणि पगार कोण देणार?"

वडिलांचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. डॉक्टर व्हायचं तर कोणती परीक्षा, किती वर्षं, किती खर्च, हे गल्लीतला कोणीही सांगेल. चित्रपटाच्या लेखकाला आणि निर्मात्याला अशी ठरलेली पायरी नाही. पण या भागातून पूर्वी जे गेले, ते कसे गेले, एवढं तर पाहता येतं.

नागपूरची वाट

१९५६ पर्यंत रायपूर, बिलासपूर, दुर्ग हे जिल्हे ज्या राज्यात होते, त्याची राजधानी नागपूर होती. भोसल्यांच्या काळापासून मराठी घरं इकडे वसलेली. आणि कॉलेजसाठी मुलगा नागपूरला पाठवायचा, हा इथल्या बऱ्याच घरांचा, मराठी असोत वा नसोत, रिवाजच होता. गंमत म्हणजे राज्यं बदलली तरी चित्रपटवितरकांनी तो जुना नकाशा सोडला नाही. त्यांच्या वहीत विदर्भ आणि छत्तीसगढ अजूनही 'सी. पी. बेरार' याच विभागात मोडतात.

या वाटेने आधी गेले किशोर साहू. जन्म १९१५ चा, बालपण राजनांदगावकडचं, शिक्षण नागपूरच्या मॉरिस कॉलेजात. बॉम्बे टॉकीजच्या 'जीवन प्रभात' (१९३७) मध्ये ते नायक झाले आणि अभिनयाच्या जोरावर पुढे स्वतः लिहू लागले, दिग्दर्शन करू लागले, चित्रपट काढू लागले. त्यांचा 'मयूरपंख' १९५४ साली कान महोत्सवात गेला. त्याच वर्षी त्यांनी 'हॅम्लेट' काढला, तो मात्र चालला नाही. 'दिल अपना और प्रीत पराई' (१९६०) चे लेखक-दिग्दर्शकही तेच. पण चेहऱ्याच्या बळावर निर्माता होणं हा राजमार्ग थोड्यांनाच मोकळा असतो. तो सोडून देऊ.

सर्वसामान्य घराला जवळची वाटेल ती गोष्ट बिलासपूरच्या डॉ. शंकर शेष यांची. मराठी घरातला हा मुलगा १९३३ साली जन्मला, नागपूरला शिकला आणि हिंदी व मराठी कथासाहित्याच्या तुलनेवर त्याने पीएच. डी. मिळवली. नंतर प्राध्यापकी केली. पुढे मुंबईत स्टेट बँकेच्या हिंदी विभागात अधिकारी झाले. नाटकं या सगळ्या काळात लिहीतच होते. 'एक और द्रोणाचार्य' आजही हिंदी रंगभूमीवर होतं. पण घर चाले ते पगारावर.

आणि इथेच एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. नोकरीने शेषांचा वेळ घेतला असेल, पण विषयही दिला. मुंबईत बदलून आलेल्या पगारदार माणसाला पहिला धक्का कशाचा बसतो? जागेचा! भीमसेन यांच्या 'घरौंदा' (१९७७) ची कथा शेषांची. लग्नाआधी फ्लॅटसाठी पै-पै साठवणारी दोघं, पैसे घेऊन फसवणारा बिल्डर, आणि त्या घराच्या हव्यासापायी नात्यात पडणारी भेग. अमोल पालेकर, झरीना वहाब आणि डॉ. श्रीराम लागू यांचा हा चित्रपट ज्यांनी पाहिला, त्यांना ती गोष्ट कुणीतरी ऑफिसच्या खुर्चीतून पाहिली होती, हे सांगायला नको. (खुद्द पालेकरही काही काळ बँकेतच नोकरीला होते!) पाठोपाठ भीमसेन यांच्याच 'दूरियाँ' (१९७९) च्या कथेसाठी शेषांना फिल्मफेअर पारितोषिक मिळालं. चित्रपटसृष्टीत आता कुठे पाय रोवत होते, तोच १९८१ साली काश्मीरमध्ये त्यांचं निधन झालं. पन्नाशीही गाठली नव्हती.

बिलासपूरचेच सत्यदेव दुबे नेमके उलट्या स्वभावाचे. मुंबईला गेले क्रिकेटपटू व्हायला आणि रमले नाटकात. नोकरीचा आधार नाही, संसाराचा पसारा नाही. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' वर त्यांनी १९७१ साली मराठी चित्रपट केला. श्याम बेनेगलांच्या 'अंकुर', 'निशांत', 'जुनून' चे संवाद त्यांचे. हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावरून घेतलेल्या 'भूमिका' च्या पटकथेचं राष्ट्रीय पारितोषिक त्यांना बेनेगल आणि गिरीश कार्नाड यांच्याबरोबर मिळालं. दुबेंची वाट मोहक खरी. पण ती आपल्या मुलाला सुचवायला कोणत्याही आईचा जीव धजावणार नाही, आणि त्यात तिचं काही चुकतं असंही नाही.

कारकून झाला निर्माता

रायपूर जिल्ह्यात, तिल्द्याजवळच्या कुर्रा गावचे मनु नायक १९५७ साली मुंबईला गेले. त्यांना काम मिळालं ते कॅमेऱ्यापुढे नाही, मागेही नाही, तर कचेरीत. दिग्दर्शक महेश कौल आणि लेखक पंडित मुखराम शर्मा यांची 'अनुपम चित्र' ही संस्था होती. तिथलं कार्यालय सांभाळायचं.

या मुखराम शर्मांचा प्रवासही सांगण्यासारखा आहे. मेरठकडचे हे शिक्षक चित्रपटाच्या ओढीने मुंबईला आले, पण बस्तान बसलं पुण्यात, प्रभात फिल्म कंपनीत. काम काय? तर मराठी कलाकारांना शुद्ध हिंदी शिकवायचं! तिथून संवाद, मग कथा, असं करत ते इतके मोठे लेखक झाले की फिल्मफेअरचं कथेचं पारितोषिक तीनदा मिळालं: 'औलाद', 'वचन' आणि 'साधना' साठी. लेखकाचं नाव पाहून लोक तिकीट काढतात, असं ज्यांच्याबाबतीत म्हणता यायचं, अशा मोजक्यांपैकी ते एक.

अशा माणसाच्या कचेरीत बसलेल्या नायकांना जे शिकायला मिळालं, ते कुठल्या शाळेत मिळालं नसतं. गोष्ट कागदावर कशी येते, कलाकाराच्या तारखा कशा जुळवतात, वितरक पैसे कधी देतो आणि कधी टाळाटाळ करतो, हे सारं त्यांच्या टेबलावरून जात होतं. १९६३ साली 'गंगा मैया तोहे पियरी चढाइबो' हा पहिला भोजपुरी चित्रपट धो-धो चालला. भोजपुरीत होतं, मग छत्तीसगढीत का नाही?

'कहि देबे संदेस' हा पहिला छत्तीसगढी चित्रपट असा जन्माला आला. लेखक, दिग्दर्शक, निर्माते मनु नायकच. गीतं डॉ. हनुमंत नायडू यांची, संगीत मलय चक्रवर्ती यांचं. महंमद रफी, मन्ना डे, सुमन कल्याणपूर, महेंद्र कपूर अशा गायकांनी छत्तीसगढीत गाणी म्हटली. नवख्या निर्मात्याची ऐपत पाहून रफींनी मानधन कमी घेतलं, असं सांगितलं जातं. चित्रीकरण पलारी गावात झालं.

विषय मात्र सोपा नव्हता. सतनामी तरुण आणि ब्राह्मण मुलगी यांचं प्रेम! एप्रिल १९६५ मध्ये चित्रपट दुर्ग आणि भाटापारा इथे लागला, पण खुद्द रायपुरात विरोध झाला, बंदीची मागणी झाली आणि तिथलं प्रदर्शन लांबलं. वाद तेव्हाच्या माहिती व नभोवाणी मंत्री इंदिरा गांधी यांच्यापर्यंत पोचला. त्यांनी चित्रपटाची बाजू घेतली आणि मग रायपूरचा पडदा उघडला.

त्या मधल्या महिन्यांत निर्मात्याच्या घरी काय चाललं असेल, याची कल्पना करावी. लेखकाची गोष्ट पडून राहिली तर त्याची वर्षं जातात. निर्मात्याचा चित्रपट डब्यात पडून राहिला तर व्याज चढतं. घरातल्यांनी या दोन धंद्यांतला हा फरक आधीच नीट समजून घ्यावा. दादासाहेब फाळके १९१२ साली तंत्र शिकायला लंडनला गेले ते विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून. आणि 'राजा हरिश्चंद्र' च्या वेळी सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सरस्वतीबाईंनी केला, वर फिल्मला भोकं पाडायचं कामही केलं. निर्मात्याबरोबर त्याचं अख्खं घर कामाला लागतं ते असं.

'कहि देबे संदेस' नंतर दुसरा छत्तीसगढी चित्रपट यायला सहा वर्षं लागली: विजयकुमार पांडे यांचा 'घरद्वार' (१९७१). त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं काहीच नाही. शेवटी मुंबईत हिंदी चित्रपटांसाठी लिहिणारे सतीश जैन परतले आणि 'मोर छइंहा भुइंया' २००० साली, नवं राज्य जन्मायच्या चार-पाच दिवस आधी, पडद्यावर आला. तो तुफान चालला आणि रायपुरात निर्मात्यांची रीघ लागली. त्या रिघेतले किती टिकले, हा वेगळा विषय.

कागदावरची काळजी

आज शिक्षणाची सोय आहे. मुखराम शर्मा जिथे हिंदी शिकवत, त्या प्रभातच्या आवारात १९६० साली निघालेल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पटकथालेखन शिकवतात. कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेत निर्मितीचाही अभ्यासक्रम आहे. जागा थोड्या आणि प्रवेश परीक्षेतून, हे ध्यानात ठेवावं.

लिहिणाऱ्याने एक गोष्ट मात्र कुठेही न शिकता करावी. नुसती कल्पना तोंडी सांगून मोकळं होऊ नये. दिल्लीचे नाटककार आर. जी. आनंद यांनी 'न्यू दिल्ली' हा चित्रपट आपल्या नाटकावरून उचलल्याचा दावा लावला होता. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कल्पनेवर कुणाची मालकी नसते. ती ज्या रूपात मांडली, त्या रूपावर असते. म्हणून गोष्ट सविस्तर लिहून काढावी, मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे तिची नोंद करावी, मग निर्मात्याला ऐकवावी. २०१२ साली कॉपीराइट कायदा सुधारला गेला. चित्रपटगृहाबाहेर चित्रपट वापरला गेला तर त्या स्वामित्वधनातला वाटा लेखकाचाच, आणि करारात सही करूनही तो हक्क सोडून देता येत नाही. कायदा झाला म्हणजे पैसे आपोआप हातात पडतात असं नाही. पण सही करताना लेखकाची मान थोडी ताठ राहते.

आणि मुंबई गाठायलाच हवी असंही आता उरलेलं नाही. सरकारी सेवेत राहून लिहिणाऱ्या संजीव बख्शी यांनी 'भूलन कांदा' ही कादंबरी लिहिली. पायाखाली आलं तर माणूस वाट विसरतो, अशी या वनस्पतीची ख्याती. आणि गोष्ट एका आदिवासी गावाची, जिथे एकाच्या हातून घडलेला गुन्हा दुसरा आपल्या शिरावर घेतो. रायपूरच्या मनोज वर्मा यांनी तिच्यावरून 'भूलन द मेझ' काढला. 'पीपली लाइव्ह' मधले ओंकारदास माणिकपुरी त्यात प्रमुख भूमिकेत आहेत. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पारितोषिकांत तो उत्कृष्ट छत्तीसगढी चित्रपट ठरला. चित्रीकरण गरियाबंदकडच्या जंगलातल्या गावात झालं. रायपूरहून गरियाबंदचा रस्ता अभनपुरावरूनच जातो.